केळीच्या पानावरची पाचूमाशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी फैजपूरचा. फैजपूर म्हटलं की जाणत्या माणसांना १९३६ साल आठवतं. त्या वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन आमच्या गावी भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी आले होते आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच साध्या साहित्यातून नगर सजवलं होतं. आमच्या भागाची दुसरी ओळख केळीची. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत यावल आणि रावेर तालुक्यांत नजर जाईल तिथं केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एवढ्या मोठ्या दोन गोष्टी असताना मी आज बोलणार आहे एका माशीबद्दल. तांदळाच्या दाण्याएवढीही नसलेल्या माशीबद्दल. हसलात तरी हरकत नाही. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस, चार कविता लिहिणारा. माशीवर बोलायचा मला काय अधिकार, असं कोणी विचारलं तर मी एन्रिको ब्रुनेटी यांचं नाव सांगतो. हे गृहस्थ पेशानं संगीतकार. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते कलकत्त्यात राहिले आणि हिंदुस्थानातल्या माश्या गोळा करू लागले. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या प्रसिद्ध ग्रंथमालेत माश्यांवरचे त्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ मध्ये निघाले. वाद्य वाजवणारा माणूस माश्यांवर ग्रंथ लिहू शकतो, तर कवीनं पंधरा मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

तर ही माशी कुठं दिसते ते आधी सांगतो. पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, केळीच्या बागेत शिरा. वरच्या पानांतून ऊन गाळून खाली येत असतं. त्या उन्हाचा कवडसा ज्या पानावर पडला असेल, त्या पानाकडे बघत स्वस्थ उभे राहा. थोड्या वेळात तुम्हाला पानावर एक हिरवा ठिपका दिसेल. चमकदार हिरवा. कधी तांब्याची झाक, कधी निळी. तो ठिपका एका जागी थांबत नाही. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे, पुन्हा पहिल्या जागी. बोट पुढं केलंत तर नाहीसा होतो आणि तुम्ही बोट मागं घेण्याच्या आत पलीकडच्या पानावर हजर असतो. केळीच हवी असं नाही. कर्दळ, अळू, लिंबू, अंगणातली जास्वंद, रुंद पान आणि थोडा ओलावा असला की ती येते.

जवळून पाहिलं तर कळतं की ही घरमाशी नव्हे. घरमाशी पोट टेकवून बसते. ही उंच उभी राहते. पाय शरीराच्या मानानं इतके लांब की एखादी शेळी जणू उंच मचाणावर चढून उभी आहे. डोळे मोठे, आणि नीट उजेड पडला तर त्यांवर तांबड्या-हिरव्या रांगा दिसतात. डोळ्यातल्या बारीक भिंगांच्या एकाआड एक रांगा वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश परतवतात, म्हणून हे पट्टे. आणि पाठीवर दोन पंख. पारदर्शक, पण नुसते पारदर्शक नाहीत. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे.

आपल्या भाषेत माशी हा शब्द फार उदार आहे. घरमाशी, गोमाशी, फळमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, सगळ्या माश्याच. शास्त्रज्ञ मात्र यांतल्या मधमाशीला आणि गांधीलमाशीला वेगळं काढतात, कारण त्यांना चार पंख. खरी माशी दोन पंखांची. ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्याही ध्यानात आली होती आणि त्यानं या किड्यांना दोनपंखी असंच म्हटलं. मग मागचे दोन पंख गेले कुठं? ते गेले नाहीत, त्यांचं रूप बदललं. पंखांच्या मागं दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या, जणू टाचणीच. माशी उडते तेव्हा या दांड्या पंखांबरोबर वेगानं हलतात आणि शरीर कुठं कललं, किती वळलं, याची खबर माशीला देतात. १७१४ मध्ये विल्यम डेरहॅम नावाच्या इंग्रज पाद्र्यानं लिहून ठेवलं आहे की या दांड्या काढल्या तर माशीचा तोल जातो. म्हणजे मागचे पंख तिनं उडण्याच्या कामातून काढून तोल सांभाळण्याच्या कामाला लावले. केळीच्या पानावर ती जी गिरकी घेते, ती या दोन टाचण्यांच्या जोरावर.

या माश्यांच्या घराण्याला शास्त्रीय नाव आहे डोलिकोपोडिडी. ग्रीक भाषेतून आलेलं, अर्थ लांब पायांच्या. जगभरात यांच्या सात हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. यांतल्या डोलिकोपस या प्रजातीला नाव दिलं पिएर लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं, १७९६ मध्ये. या माणसाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. लात्रेय हे धर्मोपदेशक होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना बोर्दोच्या तुरुंगात टाकण्यात आलं. तुरुंग तपासायला आलेल्या डॉक्टरला हा कैदी जमिनीवरचा एक बारीक भुंगेरा न्याहाळताना दिसला. हा फार दुर्मीळ किडा आहे, असं कैद्यानं सांगितलं. डॉक्टरनं तो भुंगेरा बोरी द सँ-व्हँसाँ या तरुण निसर्गअभ्यासकाकडे पोहोचवला. त्याला लात्रेय यांचं काम ठाऊक होतं. त्यानं खटपट केली आणि लात्रेय सुटले. त्यांच्याबरोबरचे कैदी पुढं महिन्याभरात मारले गेले, असं सांगतात. लात्रेय यांच्या थडग्यावर त्या भुंगेऱ्याचा उल्लेख प्राण वाचवणारा म्हणून कोरलेला आहे. एका किड्यानं ज्याचा जीव वाचवला, त्याच माणसानं दोन-तीन वर्षांनी या लांबपायांच्या माशीला नाव दिलं.

आता पंख. पावसाच्या दिवसांत रस्त्यावरच्या डबक्यात गाडीचं तेल सांडलेलं तुम्ही पाहिलं असेल. तेलाला स्वतःचा रंग नसतो, तरी त्यावर इंद्रधनुष्य उमटतं. साबणाच्या फुग्यावरही तसंच. अतिशय पातळ थर असला की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग वाढतात, काही मरतात. या माशीचे पंख तसे पातळ. तिच्या अंगाचा हिरवा रंगही रंगद्रव्याचा नाही, कातडीतल्या एकावर एक बारीक थरांचा आहे.

बारीक किड्यांच्या पंखांवरचे हे रंग शास्त्रज्ञांना पूर्वीही दिसत होते, पण साबणाच्या फुग्यासारखा तो नुसता खेळ आहे असं समजून ते सोडून दिले जात. २०११ मध्ये स्वीडनमधल्या काही अभ्यासकांनी इवल्याशा गांधीलमाश्यांचे आणि फळमाश्यांचे पंख काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिले. तेव्हा कळलं की हा खेळ नाही, ही ठरलेली नक्षी आहे. प्रत्येक जातीची निराळी, अनेकदा नराची आणि मादीचीही निराळी. इतकी वर्षं ती ध्यानात का आली नाही? कारण प्रयोगशाळेत पंख पांढऱ्या उजेडात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहायची रीत होती. पांढऱ्यावर ठेवलं की पंख कोरा दिसतो. मागं काळोख असला की त्याचे रंग उघडे पडतात. मी कवी असल्यामुळे मला या गोष्टीचं जास्त कौतुक वाटत असेल, पण ही कविकल्पना नाही, तपासून पाहिलेली गोष्ट आहे. आपणही गर्द केळीच्या सावलीच्या बाजूनं त्या पंखाकडे पाहिलं तर तो जांभळा-सोनेरी लकाकताना दिसतो आणि आभाळाच्या बाजूनं पाहिलं तर काहीच दिसत नाही.

या घराण्यात काही माश्यांनी पंखांचा उपयोग उडण्याच्या पलीकडे नेला आहे. इंग्लंडात डबक्यांच्या काठी उन्हाळ्यात पीसिलोबोथ्रस नावाची एक प्रजाती दिसते. तिच्या एका जातीच्या नराच्या पंखांवर काळपट डाग असतो आणि अगदी टोक पांढरंशुभ्र. चिखलाच्या काठावर हा नर मादीसमोर उभा राहून ती पांढरी टोकं अशी हलवतो की रेल्वेचा गार्ड निशाण दाखवतो आहे असं वाटावं. तिथल्या लोकांनी तिचं नावच निशाणवाली माशी या अर्थाचं ठेवलं आहे. मायकेल लँड या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये यावर एक निबंध लिहिला. मादीच्या मागं हवेत तरंगणारा नर तिच्या प्रत्येक वळणाबरोबर कसा वळतो, हे त्यांनी चित्रफिती घेऊन मोजलं. नुसत्या डोळ्यांच्या हिशोबावर चाललेला हा प्रियाराधनाचा नाच, आणि तो सगळा तळहाताएवढ्या चिखलावर.

दुसरं टोक हवाई बेटांवर आहे. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवर मूळच्या मुंग्या नव्हत्या. जमिनीवरून चालणाऱ्या किड्याला तिथं मुंगीची भीती नव्हती. अशा ठिकाणी लांबपायांच्या काही माश्यांनी हळूहळू उडणंच सोडून दिलं. एम्पेरोप्टेरा हे त्यांच्या एका प्रजातीचं नाव. ग्रिमशॉ नावाच्या शास्त्रज्ञानं १९०२ मध्ये तिची नोंद केली. पंख आहेत, पण आखूड, अरुंद, उडायला निरुपयोगी. पानाच्या कचऱ्यात चालायचं आणि उडी मारायची. पुढं जहाजांतून, मालातून परक्या मुंग्या बेटांवर आल्या. त्यांत मोठ्या डोक्याची एक आफ्रिकी मुंगी फार पसरली. या माश्यांना पळून जायला पंख उरले नव्हते. या प्रजातीतल्या बहुतेक जाती आता नाहीशा झाल्या असं मानलं जातं. जगात कुठंही त्याची बातमी झाली नाही. माशी गेली, एवढंच.

आपल्या बागेतली माशी उडते, म्हणून ती अजून आहे. आणि ती फार पूर्वीपासून आहे. आमच्या गावाच्या दक्षिणेकडून वाहणारी तापी पुढं सुरतेला समुद्राला मिळते. त्या सुरतेजवळ वस्तान नावाची लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तिथं झाडांच्या डिंकाचे दगड झालेले गोळे सापडतात. पाच कोटी वर्षांपूर्वीचा डिंक, आणि त्यात अडकलेले किडे जसेच्या तसे. २०१० मध्ये या शोधाची माहिती जगासमोर आली. त्या डिंकात लांबपायांच्या माश्याही सापडल्या आहेत. म्हणजे आपली जमीन आशियाला पुरती चिकटली नव्हती, हिमालय आजच्यासारखा उभा राहिला नव्हता, माणसाचा तर पत्ताच नव्हता, तेव्हा या माश्या इथल्या पानांवर बसत होत्या. आमच्या घराण्याचा इतिहास सांगायला आम्ही चार पिढ्या मागं जाऊन थकतो.

श्रोतेहो, आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. ही माशी पानावर येते कशाला? तिला केळीशी देणंघेणं नाही. ती पानाचा रस पीत नाही, फळाला डंख करत नाही, आपल्याला चावत नाही, ताटावर बसत नाही. ती शिकारी आहे. मावा, फुलकिडे, कोळी, बारीक चिलटं, असं मऊ अंगाचं जे काही पानावर फिरत असेल ते तिचं अन्न. तिला दात नाहीत. तोंडाच्या मऊ ओठांत ती सावज गच्च धरते, आत चुरडते आणि रस शोषून घेते. तिची अळी ओलसर मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात राहते आणि बहुतेक जातींत तीही शिकारीच. मातीतले बारीक जीव खाऊन ती वाढते, मातीच्या कणांचा कोश करून त्यात झोपते आणि माशी होऊन वर येते. काही जातींच्या अळ्या झाडाच्या सालीखाली राहून साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची पिल्लं खातात. थोडक्यात, ही शेतकऱ्याची बिनपगारी रखवालदार आहे. बाग राखते आणि मजुरी मागत नाही.

एकदा एका ओळखीच्यांच्या बागेत मी असाच पानाकडे बघत उभा होतो. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक तरुण मजूर ओळीतून येत होता. मला पाहून थांबला. म्हणाला, “काय पाहून राहिले चाचा?”

मी म्हटलं, “ही हिरवी माशी बघतोय. हिला काय म्हणतात रे?”

“माशीले काय म्हन्तीन? माशीच.”

“ही मावा खाते, ठाऊक आहे का?”

तो जरा वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मंग हे औषध तं तिच्यावर बी पडीन ना?”

त्या पोराच्या या एका प्रश्नात माझं सगळं भाषण आलं. औषध तिच्यावरही पडणारच. पंपाच्या नळीला शत्रू कोण आणि रखवालदार कोण हे कळत नाही. ते कळायला हवं माणसाला. आणि माणसाला कळण्यासाठी तिला आधी नाव हवं. माव्याला नाव आहे, फुलकिड्याला नाव आहे, कारण ते नुकसान करतात. त्यांची नावं फवारणीच्या बाटलीवर छापलेली असतात. जी नुकसान करत नाही, ती नुसती माशी.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा विषय चैनीचा नाही. केळीवर कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणूरोग येतो. आमच्याकडे त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो, झाड वाढत नाही. २०२०च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात या रोगानं हाहाकार केला आणि पुढंही तो येत राहिला. पोटच्या पोरासारखी लावलेली रोपं लोकांनी स्वतःच्या हातानं उपटून बांधावर टाकली. तो हिरवा ढीग ज्यानं पाहिला त्याला शेतीवर कोरडं बोलता येणार नाही.

हा रोग माव्यामुळे पसरतो. मावा रोगट झाडावर सोंड टोचतो, तिथून उडून निरोगी झाडावर बसतो आणि तिथं सोंड टोचतो. एवढ्यात काम झालं. विषाणू घ्यायला त्याला मिनिटभरही पुरतं आणि द्यायलाही तेवढंच. इथं एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. फवारणी केलेल्या पानावर मावा बसला तरी तो मरण्याआधी सोंड टोचून मोकळा झालेला असतो. म्हणून केवळ औषध मारून हा रोग अडत नाही. रोगट झाड दिसताच मुळासकट काढून नष्ट करणं, बांधावरचं तण काढणं, केळीत काकडी-भोपळ्यासारखी वेलवर्गीय पिकं न घेणं, रोपं निरोगी आणि खात्रीची आणणं, हे शेतीशास्त्राचे जाणकार सांगतात ते त्यामुळेच. पण घाबरलेला माणूस काय करतो? दुकानात जातो आणि बाटली आणतो. एका बाटलीनं भागलं नाही तर दोन एकत्र करतो.

मी असं म्हणणार नाही की पाचूमाशी आली आणि हरण्या पळाला. तसं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे असं समजा. एका पंखाएवढ्या जिवाच्या डोक्यावर मी एवढा मोठा रोग टाकणार नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या फवाऱ्यानं रोग अडत नाही, त्या फवाऱ्यानं रखवालदार मात्र मरतो. मावा थोड्या दिवसांत पुन्हा उभा राहतो, कारण त्याची मादी नराशिवाय भराभर पिल्लं घालते. शिकारी किड्यांची संख्या भरून यायला वेळ लागतो. मधल्या काळात बाग राखायला कोणी नसतं. मग पुन्हा फवारा.

हे चक्र एका देशानं मोजून पाहिलं आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे येत. सरकार औषधं स्वस्तात देई, शेतकरी भरपूर मारत, आणि तुडतुडे वाढतच जात. अभ्यासकांनी शेतात उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं की औषधानं कोळी आणि इतर शिकारी किडे मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र भाताच्या देठात सुरक्षित राहतात. ती फुटली की समोर मोकळं रान. १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना शेतातले मित्रकिडे ओळखायला शिकवायला सुरुवात केली. शेतकरी बांधावर बसून किड्यांची चित्रं काढत, त्यांना नावं देत, मोजणी करत. भाताचं उत्पादन कोसळलं नाही.

आणि आपल्याकडं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मरण पावले. शेकडोंना दवाखान्यात न्यावं लागलं. पंपाची नळी माशी आणि माणूस यांतही फरक करत नाही, हे त्या वर्षी विदर्भानं पाहिलं. माशीची बाजू घेणारा माणूस माणसांकडे दुर्लक्ष करतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवावं. पंप ज्याच्या पाठीवर असतो तो त्या पोरासारखाच मजूर असतो आणि तो त्याच हवेत श्वास घेत असतो.

किडे कमी होत आहेत हे कोण मोजणार, असाही प्रश्न येतो. जर्मनीत क्रेफेल्ड नावाचं एक गाव आहे. तिथं किड्यांची हौस असलेल्या लोकांची एक मंडळी आहे. नोकरीधंदा सांभाळून ही माणसं १९८९ पासून राखीव रानांत कापडी सापळे लावत आली आणि सापडलेल्या उडत्या किड्यांचं वजन करून वहीत लिहीत आली. २०१७ मध्ये त्या वह्यांचा हिशोब प्रसिद्ध झाला. २७ वर्षांत उडत्या किड्यांचं वजन पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त घटलं होतं. तेही संरक्षित जागांत. साऱ्या जगात खळबळ उडाली. सत्तावीस वर्षं नेमानं वजन लिहिणं, एवढंच त्यांनी केलं होतं. आपल्या गावोगावच्या शाळांत, महाविद्यालयांत विज्ञानाचे शिक्षक आहेत, उत्साही मुलं आहेत. एका बागेतली दहा पानं, दर रविवारी दहा मिनिटं, आणि एक वही. यासाठी अनुदान लागत नाही.

आता नावाबद्दल. आमच्या मकतबात लहानपणी मौलवीसाहेब सांगायचे की आदमला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते वस्तूंची नावं. फरिश्त्यांना जी नावं सांगता आली नाहीत ती माणसाला सांगता आली, हा त्याचा मान. मधमाशी, मुंगी आणि कोळी या तिघांच्या नावानं कुराणात एकेक सुरा आहे, हेही तेव्हाच ऐकलं. एवढ्याशा जिवाचं नाव एवढ्या मोठ्या ग्रंथातल्या प्रकरणाला, याचं मला त्या वयात फार नवल वाटे. पुढं मराठी कविता वाचू लागलो तेव्हा बहिणाबाई भेटल्या. आमच्याच जिल्ह्यातल्या असोद्याच्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईनं सुगरणीच्या खोप्याकडे असं पाहिलं की महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेतल्या पोराला तो पक्षी नावानं माहीत झाला. नाव मिळालं की जीव आपल्या घरातला होतो. मग त्याच्यावर हात उगारताना हात क्षणभर थांबतो.

म्हणून मी या माशीला पाचूमाशी म्हणतो. इथं बोलताना एक-दोनदा तो शब्द माझ्या तोंडून आधीच निघून गेला आहे. पाचू म्हणजे हिरवं रत्न. आमच्या घरी उर्दूत त्याला जमुर्रद म्हणतात, पण जमुर्रदमाशी म्हटलं तर बागेतला मजूर हसेल. पाचू त्याच्या तोंडात बसतो. याहून चांगला शब्द तुम्हाला सुचला, किंवा तुमच्या गावात, तुमच्या बोलीत, अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत हिला आधीपासून नाव असेल, तर तेच नाव चालवा. माझ्या शब्दाचा आग्रह नाही. आग्रह एवढाच की ती नुसती माशी राहू नये.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, फवारणी कधीच करू नका असं सांगायला मी आलेलो नाही. कर्ज तुमच्या डोक्यावर आहे, घड तुमचा आहे, भाव पडला तर झळ तुम्हाला आहे. शहरातल्या खुर्चीत बसून उपदेश करणं सोपं असतं. माझी विनंती लहान आहे. पंपात पाणी भरण्याआधी पाच मिनिटं बागेत उभे राहा. पाच-सहा झाडांची पानं बघा. मावा किती आहे ते बघा आणि पाचूमाश्या, ढालकिडे, कोळी किती आहेत तेही बघा. मावा थोडा आणि रखवालदार भरपूर असतील तर त्या दिवशी पंप खाली ठेवा. चार दिवसांनी पुन्हा बघा. औषध मारायचंच झालं तर जाणकाराला विचारून, लागेल तेवढंच, आणि मारणाऱ्याच्या तोंडाला रुमाल, हातात मोजे असल्याशिवाय नाही. खाली पडलेली जुनी पानं जाळून टाकू नका. रोगट नसतील तर ती ओळीत कुजू द्या. त्या ओलाव्यातच पाचूमाशीची पुढची पिढी वाढते.

आणि ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी गॅलरीतल्या कुंडीतलं पान बघावं. मुलांना दाखवावं. मोबाइलनं फोटो काढायचा प्रयत्न जरूर करा. बहुतेक वेळा पानाचाच फोटो येईल, कारण तुमचं बोट टेकेपर्यंत ती उडालेली असेल. हरकत नाही. फोटो आला नाही तरी मुलाला तिचं नाव तेवढं सांगा.